बरणी नंबर एकोणचाळीस

चिठ्ठीवर शाईनं: समुद्रतारा. मालवण.
खाली तारीख होती, ती औषधानं खाल्ली.
सव्वीस वर्षं मी याची काच पुसली.
जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधी
फॉर्मॅलिन बदलताना डोळे चुरचुरले
की म्हणायचो, बाबा, तुझा काही दोष नाही.

सांगलीत समुद्र कुणाला लागतो?
इथं कृष्णा. तीही दर्याकडं पाठ करून निघालेली.
महाबळेश्वरी उगवते, पश्चिमेला पाणी हाकेवर,
आणि ही चालली पूर्वेला,
अख्खं दख्खन तुडवत.

पोरं यायची जर्नल भरायला.
पाच हात काढायची, शिसपेन्सिलीनं छाया द्यायची
आणि पुढं बँकेत, पोलिसात, हळदीच्या अडतीवर.
इनामदार मॅडम शिकवायच्या.
मी मागं बेसिनचा नळ दुरुस्त करत ऐकायचो:

याला रक्त नाही.
पाठीवर तिळाएवढी चाळण,
तिच्यातून समुद्रच आत घ्यायचा,
नळ्यानळ्यांतून पाची हातांत फिरवायचा.
शेकडो पाय, सगळे पाण्याच्या दाबावर.
पाय चिकटतो एका रसानं,
सुटतो दुसऱ्या.
(वायसर बदलता बदलता माझा हात थांबला.)
डोकं नाही. हाताच्या टोकाला तांबडा ठिपका,
उजेड कुठला, अंधार कुठला, तेवढं कळतं.
शिंपला जरा किलकिला झाला
की हा पोटच तोंडातून बाहेर काढतो,
फटीतून आत सारतो,
दुसऱ्याच्या घरात जेवतो,
आणि पोट घडी घालून परत.

शिवाय कातडीत फेस.
सॅपोनिन, मॅडम म्हणाल्या,
रिठ्यात असतं त्याच जातीचं. खाणाऱ्याला कडू लागतं.
घरी आलो तर जरीना रिठे चोळत होती.
मी तिच्या तळव्यातला फेस बघत राहिलो.
काय बघताय?
समुद्र.
मग डोळ्यांत जाऊ देऊ नका, म्हणाली.

त्या साली आयर्विन पुलाची पट्टी बुडाली.
पाणी कॉलेजच्या पायऱ्या न मोजता वर आलं.
नवव्या दिवशी मी कुलूप तोडलं:
गाळ, काचा, वटवाघळाचा सांगाडा पंख मिटून,
आणि सगळ्यावर पिवळट थर,
कुणाच्या तरी गोदामातली हळद.
एकोणचाळीस फुटलेली.
तारा खिडकीच्या गजाला अडकलेला
चार हातांनी.

जिवंत असता तर नवा हात फुटला असता.
मधल्या चकतीचा तुकडा सोबत असला
तर तुटलेल्या हाताचाही कधी कधी अख्खा तारा होतो.
पण जिवंत असता तर गोड्या पाण्यानंच मेला असता.
आणि हा तर औषधात मुरलेला,
प्रथिनाला प्रथिन बांधलेलं.
या गाठी सोडवणारा रस
आमच्या कपाटात नव्हता.

मी त्याला नळाखाली धुतला,
लोणच्याच्या बरणीत ठेवला, झाकणाला मेण.
रात्री आडवा झालो की पाचवा हात दिसायचा:
नरसोबाच्या वाडीवरून, धरणांच्या दारांतून,
कानडी मुलखातून, तेलुगू मुलखातून,
मालवणचा हात
भलत्याच समुद्राच्या वाटेवर.

ऑफिसनं नुकसानीची यादी मागितली.
कारकून म्हणाला, शिकलगार, लिहा की, नमुना बाद.
मी रजिस्टर ओढलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चार हात हजर.
एक फिरतीवर.