कित्याक?

रायबंदरच्या धक्क्यावर
सात दहाची फेरीबोट
वर्षभर माझ्यासाठी थांबायची.
लांबून मी दिसले की बोस्त्यांव
दोर हातातच धरून ठेवायचा
आणि सगळी बोट
माझा दम मोजत बसायची.

वजनाचा आकडा मी कुणाला सांगत नाही.
(अकरा किलो. बरं, सांगितला.)
खरी कमाई निराळीच:
बुटाची नाडी श्वास न रोखता बांधली.
घड्याळाच्या पट्ट्याला
तापल्या सुईनं आणखी एक भोक पाडलं.
पोदेर दारात आला की
चाराच्या दोन पोई झाल्या.
तळलेला बांगडा सोडलेला नाही,
सोडणारही नाही.

आज उशीर झाला.
उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून
उतारावरून धावले.
बोस्त्यांवनं पाहिलं मला,
नीट पाहिलं,
आणि दोर सोडला.

फळी उचलत होती.
पाय टाकला. आत.

"थांबला का नाहीस रे?"
"कित्याक?" तो म्हणाला,
"टीचर पावतली."

चोडणचा काठ अजून लांब होता,
श्वास केव्हाच जागेवर आला होता.
बाकड्यावर जागा होती.
मी उभीच राहिले.