पिवळं कार्ड

आधी सुई, रोहिणी.
नागपूरला जाऊन ये, पिवळ्या तापाची. निघायच्या दहा दिवस आधी तरी,
नाहीतर येताना सहा दिवस बसवून ठेवतील तुला
आणि इकडे कोलारा गेटवर तुझा नंबर
दुसरीच पोट्टी मारून नेईल.
कार्ड मिळतं, पिवळंच असतं. ब्लाऊजमध्ये ठेव.
तिथे कुणी हसत नाही.

मी गेले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.
साहेबांनी एक कागद दिला होता, इंग्रजीत.
त्यात लिहिलं होतं, सैलसर कपडे घालावेत.

तर ऐक. निळं नको, काळं नको.
तिथे एक माशी आहे, आपल्या गोमाशीची थोरली जाऊ,
तिचा निळ्यावर फार जीव.
आपला गाईडचा खाकी गणवेश बरा.
आणि स्वेटर ने. हसतेस काहून?
चिमूरच्या उन्हात वाढलेल्या बाईला आफ्रिकेत हुडहुडी भरली
हे ऐकून मीपण हसले असते.
पण पहाटे साडेपाचला कड्यावर, उघड्या गाडीत
माझे दात वाजत होते
आणि खिशात साहेबांचा कागद.

बॅग कापडी घे, छोट्या विमानात टणक पेटी चालत नाही.
पन्नी एकही नको. बंदी आहे, खरीखुरी,
आपल्यासारखी फलकावरची नाही.
डॉलर कोरे बघून घे. चुरगळलेली नोट
तिथे आपल्या फाटक्या दहासारखी हातोहात परत येते.

मोहफुलं नेऊ नको.
मी नेली होती मूठभर.
तपासणीच्या बाईनं पुडी उघडली, हुंगली,
डोळे मिटले, पुन्हा हुंगली,
मग डब्यात टाकली.

भाषेचं टेन्शन घेऊ नको.
चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका,
गाडीला गारी, दुनियेला दुनियाच.
घड्याळ मात्र विचारून घे वं.
त्यांचा एक वाजतो दिवस उगवल्यावर तासाभरानं,
आपल्या सातला.
मी एकदा सहा तास उशिरा पोचले,
पण पटलं मला ते. उजाडल्याशिवाय मोजायचंच कशाला.

जंगल म्हणशील, तर
इथे आपण कानांनी बघतो.
वानर खाकरलं, भेकर भुंकलं, की गाडी बंद.
तिथे नुसतं गवत, आणि गवत संपेपर्यंत सगळं उघडं.
सिंहीण कोसभरावरून दिसते, लपायचं नाव नाही.
पहिल्या दिवशी डोळे दुखतील, कान रिकामे राहतील.
बांबूआड काय असेल ही भीतीच नसली
तर गाईडनं काय करायचं, मला कळेना.
पाणघोडा म्हशीसारखा दिसतो. म्हैस समजू नको.
रात्री लघवीला उठलीस तर टॉर्च दाखवून गार्डला बोलाव.
लाज तंबूत ठेव.

फोटो विचारून काढ.
मोळी घेतलेल्या तुझ्या मायचा फोटो
कोण कोण गाडीतून घेऊन गेलं,
तुला माहीत आहे.

नासेरियन नावाची गाईड भेटेल, उंच, कानांत मणी.
शेवटच्या संध्याकाळी तिनं टेकडीवरून हात करून दाखवला:
त्या बाभळीपाशी आजोबांचा गोठा होता.
मग उद्यान झालं.
मला तेवढं इंग्रजी येत नव्हतं.
मी काडीनं मातीत चार घरं काढली, एक विहीर,
मोहाचं झाड,
आणि त्यावर वाघ काढला.
वाघ कुत्र्यासारखा झाला.
ती हसली नाही. तिनं काडी घेतली
आणि विहिरीजवळ एक वासरू काढलं.

हिवतापाच्या गोळ्या परत आल्यावरही महिनाभर घ्यायच्या.
बरं वाटतंय म्हणून सोडू नको.
मी सोडल्या होत्या.