दोन पूर्णांक सात

मानहाइमच्या वसतिगृहात, तळघरात
धुण्याचं यंत्र घरघरतंय.
वीबके गुडघ्यांवर लॅपटॉप ठेवून
इंटर्नशिपचा अर्ज भरते.
विद्यापीठाचे गुण झकास.
मग खाली, लाल चांदणीची चौकट :
शाळेची शेवटची श्रेणी.

इथे एक म्हणजे उत्तम,
आकडा चढतो तसा माणूस उतरतो.
तिचा दोन पूर्णांक सात.

मुलाखतीत बेरेंड्ससाहेब
चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"गणितात काय झालं होतं?"

ब्रेमरहाफेन. पहाटेचे चार. बाबा इस्पितळात.
हेरिंगच्या पेट्या, बर्फ,
साबणाला न जुमानणारा वास,
शेजारचा बाक रिकामा.

ती म्हणते,
"गणिताचा तास पहिला असायचा."

ते काहीतरी टिपून घेतात.
एकच शब्द असावा.