कितना तेज?

आकडे वहीच्या मागच्या पानावर होते,
जिथे बाबा दुधाचा हिशेब मांडतात.
अडतीस हजार.
त्यातले सहा मावशीचे, दिवाळीनंतर परत.

जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर मुर्तझाभाईंचं दुकान.
बाबा खालीच थांबले, चष्मेवाल्याच्या स्टुलावर.
त्यांचा उजवा पाय
जिन्यांशी बोलत नाही आता.

काचेमागे तीन पंख्यांचं कार्ड,
वरातीच्या घोड्यासारखं नटलेलं.
किंमत विचारली नाही.
काही किमती नुसत्या विचारल्या तरी खर्च होतो.

"बेटा, करना क्या है इस पे?"
एक माणूस चालवायचाय, म्हटलं.
"कितना तेज?"
हळू. पाय ओढत. फाटकापासून दारापर्यंत.
ते हसले नाहीत.
"फिर इत्ता बड़ा घोड़ा काय को बांधना?"

मग पोत्याखालून काढला
कुठल्याशा बँकेतून निवृत्त झालेला डबा,
कपाळावर अजून चिकटपट्टी: लेखा विभाग, ३.
प्रोसेसर म्हातारा, पण इमानदार, म्हणाले.
रॅममध्ये काटकसर नको, बत्तीस टाक.
आणि सप्लाय स्वस्तातला घेशील
तर एक दिवस सगळं घेऊन जाईल.
कार्ड जुनंच, आठ जीबीचं, एका पंख्याचं.
तासभर पळवलं माझ्यासमोर,
मग पाठीवर हात ठेवून
लेकराचा बघावा तसा ताप बघितला.

उरलेल्यात पडदा बरा घेतला.
बाकी सगळं हळू चालेल,
रंगानं खोटं बोललेलं चालत नाही.

रिक्षात डबा आमच्या दोघांच्या मध्ये.
बाबांनी चिकटपट्टी वाचली:
"बँकेचा आहे. रविवारी बंद राहणार बघ."

रात्री एका चौकटीला चार मिनिटं लागतात.
सेकंदाला बारा चौकटी,
ओढणाऱ्या पायाला तेवढ्या पुरतात.
घरघर ऐकून बाबा उठले, पाण्याचं निमित्त करून,
पडद्यासमोर थबकले.
स्वतःचा खांदा ओळखायला
थोडा वेळ लागला त्यांना.
"पोचलो का दारापर्यंत?"
नाही अजून. एकेचाळिसावी चालू आहे.
"मग मी झोपतो. तू ने त्याला."

भिंत धरत गेले.
डावा. थांबा. मग उजवा,
बाहेरच्या बाजूनं फिरून, टाच आधी नाहीच,
आधी करंगळीची कड.

टाच चुकली होती माझी,
एकेचाळीसच्या एकेचाळीस चौकटींत.

रेंडर थांबवला.
पंखा गप्प व्हायला जरा वेळ घेतो.