चार महिन्यांचं अंतर

लिंडक्विस्ट बाई मिनेसोटाहून फोनवर आहेत.
त्यांच्याकडे रात्र, माझ्याकडे नंदानगरात
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरलेली.
"जरा थांबा," मी म्हणतो, "ओला-सुका देऊन येतो."
त्या थांबतात. थोरांची बालपणं गोळा करणाऱ्याला
थांबता आलंच पाहिजे.

पुस्तकात सोळा अमेरिकन आहेत.
एकाचा बाप कोळशाच्या खाणीत,
एकीची आई लोकांचे पडदे शिवायची,
एक जण म्हणे गोठ्यात कंदिलाखाली बीजगणित शिकला.
सातवं प्रकरण आमच्या कुमीचं,
डॉक्टर कुमुदिनी पागनीस,
जिचं घड्याळ कोट्यवधी वर्षांत
एखादा सेकंद चुकेल म्हणतात,
तोही चुकला तर.

वडिलांचा व्यवसाय?
टाइमकीपर, लिहा. कापडाची मिल.
भोंगा थांबला की अण्णा फाटकात आडवे,
हातात रजिस्टर, कानावर लाल पेन्सिल.
दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.
किशनलाल कोरीची बायको अडली होती त्या सकाळी,
तरी लाल खूण. अर्धी पाळी गेली.
पुढे कित्येक दिवस लोक आमच्या ओट्यावरून जाताना
मुद्दाम मोठ्याने विचारत,
"कित्ते बज रिये, भिया?"
हे नका लिहू.
किंवा लिहा.

घरात कोणती भाषा?
मराठी. भांडताना हिंदी, लाडात आलं की माळवी.
गरिबी होती का?
हे त्या दोनदा विचारतात, जरा आशेनेच.
होती, पण तुमच्या खाणवाल्याइतकी नाही.
दोन वेळा जेवायचो. कंदील नव्हता, बल्ब होता.
कुमी त्याच्याखाली बसायची
आणि मी तिच्या सावलीत.

मग तिकडे कागद खडखडतात.
"मिस्टर पागनीस, एक अडचण आहे.
कुमुदिनींचा जन्म डिसेंबर शेहेचाळीस.
तुमचा एप्रिल सत्तेचाळीस.
सख्ख्या भावंडांत चार महिने?"

अडुसष्ट साल. शिष्यवृत्तीचा फॉर्म.
एक जुलैला बावीस पूर्ण झालेली नसावीत.
कुमीची झाली होती, जानेवारीतच, किंक्रांतीला.
ती फॉर्म घडी करून पुस्तकात ठेवत होती,
अण्णांनी हात पुढे केला, बोलले काही नाहीत.
कोर्टाबाहेर बदामाच्या झाडाखाली टायपिस्ट,
सव्वादोन रुपये, एक शिक्का,
आणि ज्याने कुणाला दोन मिनिटं सोडली नव्हती
त्या माणसाने मुलीसाठी अकरा महिने उचलले.
दुसऱ्या दिवशी ते वेळेवरच गेले, मी पाहिलंय.
तरी रजिस्टरात, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा,
पागनीस रं. वि., समोर लाल खूण.
पगारातून कापून आली.
आईने विचारलं, तर म्हणाले, "उशीर झाला होता."

मिल आता नाही. चिमणी आहे, तिच्यावर पिंपळ.
तिकडे लॅबमध्ये दर डिसेंबरात कुमीचा केक कापतात.
आणि दर किंक्रांतीला पहाटे पाचला
माझा फोन वाजतो.
"झोपला होतास?"
"नाही."
"पोहे?"
"भिजवतोय."
एवढंच. कशाचा काय दिवस, कुणी बोलत नाही.

"हॅलो? मिस्टर पागनीस?"
ऐकतोय, बाई. चूक माझ्या तारखेत आहे.
शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे लिहिली.
मला एक वर्ष पुढे घ्या,
एप्रिल अठ्ठेचाळीस.
वीज मंडळाच्या पेन्शनवाल्यांना तेवढं कळवू नका.
"नक्की?"
नक्की.

त्या खोडतात, पुन्हा लिहितात.
एवढ्या लांबून पेन्सिलीची खरखर स्वच्छ ऐकू येते.
कुठल्या रंगाची, ते मात्र
फोनवरून कळत नाही.