पान एकसष्ट

वही मुळात जिनाची.
लाल कापडी पुठ्ठा, पाठीवरचं सोनेरी साल
उंदरांनी अर्धं खाल्लेलं.
आत मण, शेर, रुई, सरकी असे आखलेले रकाने
आणि त्यांच्यावर चिकटवलेलं
अख्खं खैरगव्हाण.

गजू भुयारने ती पोत्यात घालून आणून दिली.
"माळ्यावर जागा नाही राह्यली, मॅडम.
तुमाले पाह्यजे त ठेवा."

द्वारका भुयार, त्याची आत्या.
तालुक्याच्या कॉलेजातली पहिली बॅच,
तेवीस मुलं आणि ही.
बाकावर शेजारी कुणी बसत नसे,
म्हणून त्या जागेवर दप्तर ठेवायची.
हे तिनेच लिहिलंय, हॉलतिकिटाखाली, बारीक अक्षरात,
जसं काही जागेचं भाडं थकलं होतं.

खळ गव्हाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद.
सत्तर वर्षांत कसर लागली नाही.
कडा तेवढ्या निळसर झाल्यात,
आणि वाचून झाल्यावर माझी बोटं कडू.

छोट्या गाडीचं भोक पाडलेलं तिकीट.
खडी गंमतीची जाहिरात, गुलाबी कागद,
बाजूला शेरा: शाहीर आले नाहीत, पैसे परत मिळाले नाहीत.
पुराच्या साली शाळेत राहिलेल्या घरांची यादी,
माणसं किती, शेळ्या किती,
आणि एका घरापुढे नुसतं: भांडले, निघून गेले.
नदीकाठी वाघ दिसल्याचं कात्रण.
त्याच्याखाली: कुत्रं होतं. मी पाहिलं.

प्रत्येक कागदाशी तिचं काहीतरी बोलणं आहे.
ती बी.ए. झाली, मास्तरीण झाली.
लग्न केलं नाही की झालं नाही,
त्याबद्दल मात्र वही बोलत नाही.

कॉलेजचा अमृतमहोत्सव आहे,
उमप सरांना स्मरणिकेसाठी
दहा ओळी आणि एक पासपोर्ट फोटो हवाय.
ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत सापडते,
पण घडी नेमकी तिच्या चेहऱ्यावरून गेलीय.

मग पान एकसष्ट.
इथे ना कात्रण, ना पावती.
पूर्ण पानावर कोरा कागद
आणि त्याच्या मधोमध ब्लेडने कापलेली खिडकी,
एका ओळीएवढी.
आतून जिनाची जुनी शाई दिसते:

*भागी जवजे महादू भुयार. रेचा नंबर ४.*
*दिवस सहा. आणे बारा.*
*वजा आणा एक, पोर सोबत आणल्याबद्दल.*

पुढे अंगठा. थोडा घसरलेला,
कडेवर कुणीतरी असताना उमटवावा तसा.

या पानावर शेरा नाही.
वाघाला कुत्रं म्हणणारी बाई
इथे एक अक्षर लिहीत नाही.

मी गजूला फोन केला. वही हिच्याकडे आली कशी?
"जीन बंद पडलं तवा रद्दीत निघाल्या ना वह्या.
आत्या म्हणे दिवसभर गोदामात बसून
एकएक पाह्यत होती.
संध्याकाळी एकच घेऊन आली.
बाकीच्या वाण्याच्या पुड्यात गेल्या."

म्हणजे वही आधी.
गाव नंतर चिकटवलं,
तिकिटं, पूर, शाहीर, शेळ्या,
एका ओळीच्या आजूबाजूला
सांभाळून, जागा सोडून.
की असं नसेलही. एक दिवस रिकामा होता,
ती वही हाती लागली, इतकंच असेल.
मला विचारायला कुणी उरलं नाही.

उमप सरांना मी एकसष्टचाच फोटो दाखवला.
"यात ती कुठाय?" सर म्हणाले.
मी मोबाईल मोठा करून
'वजा'वर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बराच वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले,
"छापल्यावर वाचता येईल का हे?"