कलम सात, उपकलम इ

विजयनगरच्या शोरूममध्ये पलक चौकसे पेन टकटकवते,
"आंटीजी, बॅटरी तर आठ वर्षं आहेच. हे बाकीचं.
तीन वर्षं अजून. आजच्या आज सूट."
हे चेकबुक काढतात.
मी चष्मा.

चार्जर आहे. मोटर आहे. ब्रेकचे पॅड नाहीत.
कलम सात, उपकलम इ:
कृंतकांनी केलेली हानी वगळून.
"कृंतक म्हणजे?"
"चूहे, अंकल."

घ्या!
बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढलं ते खजराण्यालाच,
चाकांखाली लिंबं चिरडली,
मोदक ठेवले ज्याच्यापुढे
त्याच्याच वाहनाची हमी कोणी देईना.

राजवाड्यापर्यंत गाडी विजेवर जाते,
मौन धरल्यासारखी.
भेरूघाटात पेट्रोल जागं होतं आणि खाकरतं,
पहाटे हे खाकरतात तसं.
दोन्हींतलं आधी काय थकेल
छापलेलं नाही कुठेच.

सही केली. एकोणचाळीस हजार.

रात्री हे तंबाखूची पुडी घेऊन खाली गेले.
बॉनेटमध्ये ठेवतो, म्हणाले, वासानं उंदीर फिरकत नाहीत.
पुडी डॉक्टर भार्गवांनी बंद केलीय,
स्टेंट टाकला त्या दिवशीच.
तिसऱ्या मजल्यावरून मला दिसतं:
उघडं बॉनेट, मोबाइलचा उजेड,
आणि डाव्या तळव्यावर यांचा अंगठा
सावकाश फिरतोय.

वर आले. हाताला साबणाचा वास.
"ठेवली?"
"ठेवली. थोडी."

मी वॉरंटीचे कागद कपाटात सरकवले,
स्टेंटच्या फाइलीवर.